ट्रक भरणं सोपं, पोचवणं अवघड: दुकानदाराचं लॉजिस्टिक्स आपत्तीत कसं कामाला येतं



'स्टॉक आणि वाहतूक' ही आपली मालिका संपली आणि शेवटच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी साधारण एकच प्रश्न विचारला. "ताई, पूर आला, भूकंप झाला की आपल्या बाजारपेठेतून मदतीचे ट्रक निघतात. आपण पैसे देतो, माल देतो. पण हे जे धंद्याचं आपण शिकतोय, लीड टाइम, रिऑर्डर, शेवटचा टप्पा, ते तिथे काही कामाला येतं का?" हा प्रश्न दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून आज लेख.

सरळ उत्तर: येतं. बरेचदा तुमच्या देणगीपेक्षा जास्त कामाला येतं. मदतकार्याचा अभ्यास करणारे लोक सांगतात की त्यातलं ८० टक्के काम लॉजिस्टिक्सचं असतं. माल मिळवायचा, साठवायचा, निवडायचा, भरायचा, हलवायचा आणि नेमक्या माणसाच्या हातात द्यायचा. आता मला सांगा, तुम्ही सकाळी शटर वर केल्यापासून रात्री खाली ओढेपर्यंत दुसरं काय करता?

पण थांबा. धंद्याची अक्कल जशीच्या तशी उचलून तिथे लावली तर ती चुकतेही. कुठे लागू पडते आणि कुठे बाजूला ठेवायची, हे दोन्ही बघू.

एकाच वादळातले दोन ट्रक

२९ ऑगस्ट २००५. कॅटरिना हे चक्रीवादळ अमेरिकेत लुईझियानाच्या किनाऱ्याला धडकलं. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले, बहुतेक शहर पाण्याखाली गेलं. त्या दिवसांतल्या दोन गोष्टी लॉजिस्टिक्सच्या वर्गात आजही सांगितल्या जातात.

पहिली गोष्ट बर्फाची. सरकारी आपत्ती यंत्रणेने प्रचंड प्रमाणात बर्फ विकत घेतला. अन्न आणि औषधं टिकवायला बर्फ हवा, विचार बरोबरच होता. पण तो नेमका कुठे, कोणाला, किती, हे ठरायच्या आत ट्रक निघाले. एका गावाहून दुसऱ्या गावाला, तिथून तिसरीकडे असे फिरत राहिले. काही ट्रक तर दोन हजारांहून जास्त किलोमीटर उत्तरेला, मेन राज्यातल्या शीतगृहात जाऊन उभे राहिले. पैसा होता, माल होता, गाडी होती, ड्रायव्हर होता. पत्ता नव्हता.

दुसरी गोष्ट वॉलमार्टची. वादळ धडकण्याआधीच मिसिसिपीतल्या ब्रूकहेवन इथल्या त्यांच्या गोडाऊनमध्ये ४५ ट्रक माल भरून तयार उभे होते. त्या भागातली त्यांची १२६ दुकानं बंद पडली होती, त्यांतल्या निम्म्याहून जास्त दुकानांची वीज गेलेली, काहींत पाणी शिरलेलं. दहा दिवसांनी फक्त १५ बंद उरली.

हे कसं जमलं? मोठी कंपनी, भरपूर पैसा, हे खरंच. पण सरकारकडे पैसा कमी होता का? तर फरक तीन ठिकाणी होता.

एक, तयारी आधी. वादळाचा अंदाज आला की माल धोक्याच्या पट्ट्याच्या अगदी बाहेर आणून ठेवायचा. फार लांब नाही, फार जवळही नाही.

दोन, विक्रीची नोंद. आदल्या वर्षी, २००४ मध्ये, फ्रान्सिस हे वादळ यायच्या आधी वॉलमार्टने काही आठवड्यांपूर्वीच्या चार्ली वादळातली स्वतःची बिलं तपासली. टॉर्च आणि पाणी खपणार हे कोणीही सांगेल. पण बिलांत दिसलं की स्ट्रॉबेरीच्या पॉप-टार्टची विक्री एरवीच्या सातपट झाली होती. नंतर विचार केला तर कारण सोपं आहे. शिजवायला नको, फ्रिज नको, पोरं खातात. पण हे बिलं बघितल्याशिवाय सुचलं नसतं.

तीन, निर्णय खाली. कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याने सगळ्यांना निरोप दिला, त्याचा अर्थ असा की तुमच्या पदापेक्षा वरचे निर्णय तुम्हाला घ्यावे लागतील. हातात जेवढी माहिती आहे तेवढ्यावर उत्तम निर्णय घ्या. म्हणजे दुकानातल्या मॅनेजरला वरून फोन यायची वाट बघायची गरज नव्हती.

आता स्वतःकडे वळा. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये, नाहीतर वहीत, मागच्या पुराच्या आठवड्याची विक्री पडलेली आहे. मेणबत्ती, काडेपेटी, बिस्किटं, दूध पावडर, सेल, डासांची अगरबत्ती, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर. कशाची मागणी किती पट झाली? कोणती वस्तू पहिल्या दिवशी संपली? तुमच्या तालुक्याला पुढच्या वेळी काय लागेल याची माहिती तुमच्या गल्ल्याशेजारी पडून आहे.

ग्राहक नक्की कोण?

आता महत्त्वाचा मुद्दा. हा नीट वाचा, कारण बहुतेक मदत इथेच बिघडते.

दुकानात पैसे देणारा आणि वस्तू वापरणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. माल आवडला नाही तर तो परत येत नाही. माल पडून राहिला तर तुमचं भांडवल अडकतं. म्हणजे चूक झाली की ती तुम्हाला दुखते आणि तुम्ही सुधारता.

मदतकार्यात पैसे देणारा एक आणि वस्तू घेणारा दुसरा. दोघांची गाठच पडत नाही. देणाऱ्याला ट्रक निघाल्याचा फोटो मिळतो, त्याचं समाधान होतं. घेणाऱ्याला नको ती वस्तू मिळाली तरी तो बिचारा तक्रार कोणाकडे करणार? म्हणून तिथे डेड स्टॉक साचतो आणि कोणालाच तो आपला तोटा वाटत नाही.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेले होते. त्या हवेत चालणार नाहीत असे, त्या भागातल्या बायका घालत नाहीत असे, फाटके. गूंज या संस्थेने पुढे ते कपडे गोळा केले, निवडले आणि वापरात आणले. गूंजचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडे गोळा करणं, निवडणं, गावाच्या गरजेप्रमाणे गठ्ठे बांधणं आणि पाठवणं हाच त्यांच्या कामाचा पाया आहे. हे कौशल्य कापडाच्या कोणत्याही व्यापाऱ्याला ओळखीचं वाटेल.

त्याच त्सुनामीत इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं दान म्हणून आली. त्यातल्या बऱ्याच खोक्यांवरची माहिती तिथल्या डॉक्टरांना वाचता येणार नाही अशा भाषांत होती. मग ती साठवायला जागा, निवडायला माणसं, निकामी ठरली ती नष्ट करायला खर्च. म्हणजे दानच एक नवीन काम होऊन बसलं.

यावर धंद्यातला उपाय काय? जो आपण मालिकेत शिकलो तोच. माल 'ढकलायचा' नाही, माल 'मागवू द्यायचा'. पूरग्रस्त गावातल्या एका माणसाला, सरपंच असो, आशाताई असो, शाळेचे मास्तर असोत, फोन करायचा आणि ऑर्डर घ्यायची. अगदी दुकानात घेतो तशी. किती घरं, किती तान्ही बाळं, चूल पेटते का, पाणी कुठलं वापरताय, काय नको आहे. 'काय नको' हा प्रश्न विसरू नका. त्या एका प्रश्नाने अर्धा ट्रक वाचतो.

एक हिशेब करून बघू

वही घ्या. एका गावातली ५०० कुटुंबं तीन दिवस तुटलेली आहेत. पिण्याचं पाणी पोचवायचं आहे.

कुटुंबात ५ माणसं धरा, म्हणजे २,५०० माणसं. फक्त पिण्यासाठी आणि अगदी जेमतेम स्वयंपाकासाठी दिवसाला माणशी ३ लिटर धरू. जागतिक मदत संस्थांच्या निकषात धुणं-अंघोळ धरून हा आकडा १५ लिटरपर्यंत जातो, पण आपण कमीत कमी घेऊ.

२,५०० गुणिले ३ लिटर गुणिले ३ दिवस, म्हणजे २२,५०० लिटर. वजन साडेबावीस टन.

आता पर्याय बघा.

• एक लिटरच्या बाटल्या: १२ चा एक बॉक्स धरला तर १,८७५ बॉक्स. छोटा हत्ती पाऊण टन नेतो, म्हणजे ३० फेऱ्या. शिवाय २२,५०० रिकाम्या बाटल्या पूर ओसरल्यावर त्याच गावात पडणार.

• टँकर: १०,००० लिटरचा असेल तर तीन फेऱ्या, तिसरी जवळजवळ रिकामी. पण रस्ता हवा.

• गावात विहीर, बोअर किंवा टाकीचं गढूळ नसलेलं पाणी असेल तर क्लोरीनच्या गोळ्या: २० लिटरला एक अशी गोळी धरली तर १,१२५ गोळ्या. एका पिशवीत मावतात. एक माणूस खांद्याला लावून चालत नेईल.

बघा, वस्तू एकच, शुद्ध पाणी. पण ३० फेऱ्या की एक पिशवी, हे ठरतं तुम्ही आधी कोणता प्रश्न विचारला त्यावर. "किती बाटल्या देऊ?" असं विचारलं तर उत्तर १,८७५ बॉक्स. "पाणी कुठून घेताय?" असं विचारलं तर उत्तर वेगळं. अर्थात पहिल्या दिवशी, जिथे कुठलंच पाणी वापरण्यासारखं नाही, तिथे बाटल्याच लागतात. आणि गोळी कशी, किती वेळ ठेवून वापरायची हे तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याने सांगायला हवं. पण रस्ता एकच गाडी जाईल असा असताना त्या गाडीत काय भरायचं, हा निर्णय हिशेबाने घ्यायचा, भावनेने नाही.

दिवस बदलला की यादी बदलते

गणपतीत जे खपतं ते दिवाळीत खपत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पुराचंही तसंच आहे, फक्त तिथे हंगाम तीन-तीन दिवसांचा असतो.

पहिले दोन-तीन दिवस: तयार जेवण, कोरडा खाऊ, पाणी, औषधं, ताडपत्री, टॉर्च. शिधा देऊन उपयोग नाही, कारण चूल पाण्यात आहे.

पाणी ओसरल्यावरचा आठवडा: खराटे, फावडी, घमेली, ब्लीचिंग पावडर, फिनेल, गमबूट, हातमोजे, मच्छरदाण्या. घरात गुडघाभर गाळ असताना माणसाला साडी नको असते, फावडं हवं असतं. आणि नेमकं याच वेळी बिस्किटांचे ट्रक येत राहतात.

त्यानंतर: भांडी, शेगडी, अंथरूण, वह्या-पुस्तकं, शिलाई मशीनची दुरुस्ती, हातगाडी, भांडवल.

तुमचा ट्रक निघायला दोन दिवस लागणार असतील तर आजची नाही, दोन दिवसांनंतरची यादी भरा. याचंच नाव लीड टाइम.

शेवटचा टप्पा

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जगभरातून मदतीची विमानं निघाली. पण काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला धावपट्टी एकच. जागा कमी, विमानं जास्त. त्यात धावपट्टीला इजा होऊ लागली, म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीला अवजड विमानांवर बंदी घालावी लागली.

तिथे दोन गोष्टी कामी आल्या. भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी जागतिक अन्न कार्यक्रमाने विमानतळाजवळ मदतीचा माल उतरवायचं आणि निवडायचं एक केंद्र तयार केलं होतं. भूकंप कधी होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. होणार हे मात्र माहीत होतं. दुसरी गोष्ट डीएचएल या कुरिअर कंपनीच्या माणसांची. विमानातून उतरलेला माल धावपट्टीवर साचू न देता मोजायचा, वेगळा करायचा आणि पुढे काढायचा, एवढंच त्यांनी केलं. ते रोज हेच करतात. त्यांनी तिथे रोख रकमेपेक्षा आपली रोजची सवय दिली.

आणि डोंगरातल्या गावांपर्यंत? तिथे हमाल, खेचरं आणि गिर्यारोहणातली वाटाडी माणसं. विमान, मग ट्रक, मग माणसाची पाठ. साखळी जिथे सगळ्यात अरुंद, तेवढाच माल पोचतो.

आपल्याकडचं बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पंचगंगा आणि कृष्णेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता. ट्रकच्या रांगा लागल्या. राज्यभरातून मदत निघाली होती, पण अडचण मालाची नव्हती, शेवटच्या काही किलोमीटरची होती. तिथे बोट चालत होती. आणि बोटीची क्षमता हा कागदावरचा आकडा नसतो. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. 'अजून दोन बसतील' हे वाक्य गोडाऊनमध्ये फार तर पोतं फाडतं. पाण्यात ते जीव घेतं.

आदल्याच वर्षी, २०१८ च्या केरळच्या पुरात, मच्छीमारांनी आपल्या बोटी लॉरीवर चढवल्या आणि समुद्रापासून दूर असलेल्या गावांत नेल्या. वाहन नाही म्हणून बसून न राहता वाहनासाठीच वाहन शोधलं. हे डोकं धंदा करणाऱ्याचं आहे.

माझं दुकान पॅकिंग मटेरियलचं, म्हणून या टप्प्यासाठी चार गोष्टी हक्काने सांगते.

१. एक नग १५ किलोच्या आत ठेवा. कमरेएवढ्या पाण्यातून एका माणसाला डोक्यावर घेता आला पाहिजे.
२. पुठ्ठ्याचा बॉक्स भिजला की तळ सुटतो. आत जाड प्लास्टिक पिशवी, तोंड बांधलेलं, मगच बॉक्स किंवा पोतं.
३. फिनेल, साबण आणि पीठ एका नगात कधीच नको. पिठाला वास लागतो, ते टाकूनच द्यावं लागतं.
४. नगावर तीन बाजूंनी मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: आत काय, किती जणांसाठी, कोणत्या तारखेपर्यंत चांगलं. देणाऱ्याचं नाव नंतर, लहान अक्षरात.

इथे धंद्याचं गणित बाजूला ठेवा

धंद्यात आपण शिकतो की एका फेरीत जास्तीत जास्त डिलिव्हरी करायची, लांबची एकटी ऑर्डर परवडत नाही. मदतकार्यात हाच नियम अन्याय करतो. महामार्गालगतच्या गावात पाच ट्रक येतात आणि आतल्या वस्तीवर एकही येत नाही, कारण प्रत्येक ट्रकवाल्याला तेच गाव सोयीचं. तिथे मोजायचं माप 'प्रति फेरी किती किट वाटले' हे नाही. 'कोण राहिलं' हे आहे. वस्तीवरची बारा घरं, एकटी म्हातारी, रेशनकार्ड नसलेला ऊसतोड कामगार, परगावाहून आलेला मजूर. यादी शेवटच्या नावापासून वाचायला सुरुवात करा.

दुसरी गोष्ट भावाची. टंचाईत भाव वाढतो हे पुस्तकात ठीक. पण २० रुपयांची मेणबत्ती पुरात ४० ला विकणारा दुकानदार गावाच्या लक्षात राहतो, आणि २० लाच विकणाराही राहतो. एरवीचा भाव, एक रुपया जास्त नाही, आणि एका घराला ठरावीक नग. एवढं केलंत तरी ते मदतकार्यच आहे. ट्रक भरला नाहीत तरी चालेल.

तिसरी गोष्ट स्थानिक बाजाराची. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. तिथे व्यापारी स्वतःच पूरग्रस्त होते. अशा गावात दुकानं पुन्हा उघडू लागली की बाहेरून फुकट किराणा ओतत राहणं म्हणजे नुकत्या उभ्या राहणाऱ्या दुकानदाराचा ग्राहक काढून घेणं. त्या टप्प्यावर त्याच गावातल्या दुकानाची कुपनं द्या, किंवा थेट रोख मदत. घरालाही हवी ती वस्तू मिळते आणि दुकानही उभं राहतं.

पाऊस पडायच्या आधी करायची कामं

आपत्ती आल्यावर व्हॉट्सअॅप ग्रुप काढण्यापेक्षा हे आत्ता करा:

• तुमच्या पेठेतल्या आठ-दहा व्यापाऱ्यांची यादी बनवा. कोणाकडे गोडाऊन उंचावर आहे, कोणाकडे पिकअप आहे, कोणाचा जनरेटर आहे, कोणाचा ड्रायव्हर आतले रस्ते ओळखतो.
• ताडपत्री, क्लोरीन गोळ्या, ब्लीचिंग पावडर यांच्या होलसेलरशी आधी बोलून ठेवा: फोन केला तर किती तासांत किती माल, कोणत्या भावाने, किती दिवसांच्या उधारीवर.
• आवक-जावक रजिस्टरचा एक साधा नमुना ठरवा. काय आलं, कोणाकडून, कुठे गेलं, कोणी सही करून घेतलं. दानाच्या मालाचा हिशेब धंद्याच्या हिशेबापेक्षा कडक हवा, कारण तो माल तुमचा नाही.
• २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर सेव्ह करा. ट्रक काढण्याआधी तिथे विचारा: कोणता रस्ता चालू, कोणत्या गावात काय पोचलं, कुठे काहीच नाही.
• एकच माणूस 'नाही' म्हणायला नेमा. आलेलं प्रत्येक सामान घ्यायचं नसतं. नको असलेला माल नम्रपणे परत करणं हेही गोडाऊन सांभाळणाऱ्याचं काम आहे.

यातल्या एकाही कामाला मोठं भांडवल लागत नाही. आणि गंमत बघा, हीच यादी तुमच्या स्वतःच्या दुकानाला पुरापासून वाचवायलाही उपयोगी पडते.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात, "ताई, आम्ही अजून लहान आहोत, आम्ही काय मदत करणार?" गावात कोणत्या घरी दोन लिटर दूध जातं, कोणाला साखर चालत नाही, कोणाच्या घरी तान्हं बाळ आहे, हे जिल्ह्याच्या कार्यालयाला माहीत नसतं. मोठ्या कंपनीलाही नसतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला असतं. ट्रकला जो पत्ता लागतो तो तुमच्याकडे आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: मागच्या पावसाळ्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्याची तुमची बिलं काढा. जास्त खपलेल्या पहिल्या दहा वस्तू आणि पहिल्यांदा संपलेल्या तीन वस्तू लिहा, आणि खाली कमेंटमध्ये तुमच्या तालुक्याच्या नावासह टाका. सगळ्यांच्या याद्या एकत्र करून आपण पुढच्या व्हिडिओत पावसाळ्याआधीची तयारी करू.

भेटूया. धंदा नीट करा, आणि नीट केलेला धंदा चार लोकांच्या उपयोगी पडू द्या.